तबकडीवरचे नाव

संस्थेच्या रौप्यमहोत्सवाची स्मरणिका निघणार आणि तीत आम्हीही काही लिहावे, असा संपादक मंडळाने आग्रह धरला तेव्हा आमच्या मनात शाळेच्या इतिहासाचाच विषय होता. चोवीस वर्षे आम्ही येथे इतिहास शिकवीत आहोत. पत्र्याच्या दोन खोल्यांपासून आजच्या दुमजली वसतिगृहापर्यंतचा प्रवास आम्हांस तोंडपाठ आहे. परंतु तो प्रवास या स्मरणिकेत इतर लेखक अधिक अधिकाराने सांगतील. आम्ही महोत्सवाच्या तयारीत घडलेल्या एका लहान प्रसंगाविषयी लिहिणार आहोत. तो प्रसंग दिसावयास क्षुल्लक होता. आम्हांला मात्र त्याने जुन्या एका चुकीपाशी नेऊन उभे केले.

महोत्सवानिमित्त दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्यास एक मनगटी घड्याळ द्यावे, असे ठरले होते. कल्पना चांगली होती. परीक्षेच्या दालनात भ्रमणध्वनी नेता येत नाही, वसतिगृहातील बहुतेक मुलांपाशी घड्याळ नसते, आणि तीन तासांचे गणित मनातल्या मनात मांडणे कठीण जाते. खरेदी समितीत आम्हांस घेतले गेले. नाशिकहून भेटवस्तूंचे एक व्यापारी नमुन्यांची पेटी घेऊन आले. कार्यालयाच्या टेबलावर त्यांनी मखमलीचे तीन कप्पे उघडले.

पहिल्या कप्प्यात झळाळती घड्याळे होती. त्यांच्या तबकडीवर मुकुटाचे चिन्ह आणि जगप्रसिद्ध स्विस नाव छापलेले होते. किंमत चारशे रुपयांच्या आसपास. व्यापारी अगदी सरळपणे म्हणाले, "सर, फर्स्ट कॉपी आहे. लांबून कुणी ओळखणार नाही." दुसऱ्या कप्प्यात अष्टकोनी चौकटीची, आठ स्क्रू दिसणारी घड्याळे होती. त्यांवर प्रसिद्ध नाव नव्हते, कुणा अपरिचित कंपनीचे बारीक अक्षरातले नाव होते. "डिझाइन तेच, नाव वेगळं," असे त्यांनी सांगितले. तिसऱ्या कप्प्यात साधी, गोल, पांढऱ्या तबकडीची, ठळक आकड्यांची घड्याळे होती. देशी कंपनीचे नाव, एक वर्षाची हमी, आणि किंमत पहिल्या कप्प्यापेक्षा थोडी अधिकच. "यात काही मजा नाही, सर," असे म्हणून त्यांनी तो कप्पा मागे सारला.

आमच्या एका तरुण सहकाऱ्याने पहिल्या कप्प्याकडे बोट दाखवून म्हटले, "मुलांना हेच आवडेल." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. निर्णय पुढच्या बैठकीवर गेला आणि कार्यवाह आम्हांला म्हणाले, "सर, तुम्ही इतिहासवाले. यात बरोबर काय नि चूक काय, ते तुम्हीच मांडा." त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. कारण या प्रश्नाचे उत्तर आम्ही बारा-तेरा वर्षांपूर्वी एकदा दिले होते, आणि ते चुकीचे दिले होते.

त्या वेळी आठवीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे वडील कांद्याच्या ट्रकवर हमाल म्हणून जात. सायखेड्याच्या बाजारातून माल भरला की गोण्यांवर बसून वाशीला जायचे, रात्रभर माल उतरवायचा आणि परतायचे, असा त्यांचा क्रम. दिवाळीच्या सुट्टीनंतर मुलगा वसतिगृहात परतला तेव्हा त्याच्या हातावर सोनेरी घड्याळ होते. तबकडीवर तेच मुकुटाचे चिन्ह. दोन मुलांनी कुजबुज केली आणि ती आमच्यापर्यंत आली. आम्ही भर वर्गात त्याला उभे करून विचारले, "हे कुणाचे?" या दोन शब्दांत जो संशय होता तो त्या मुलाला कळला, वर्गाला कळला, आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही कळला होता. तो म्हणाला, "बाबांनी आणलं, सर. मुंबईहून." आम्ही ते हातात घेतले, पाहिले आणि हसलो. "अरे, हे नकली आहे. खऱ्याची किंमत तुझ्या बाबांना विचार." वर्ग हसला. घड्याळ आम्ही कपाटात ठेवून दिले, पालक आल्यावर देऊ म्हणून.

पुढच्या आठवड्यात त्याचे वडील आले. रात्रीच्या फेरीवरून थेट आलेले, कपड्यांवर कांद्याच्या पातीचा वास. ते फाटकापाशी बराच वेळ उभे होते, असे शिपायाने नंतर सांगितले. त्यांनी आमच्यासमोर हात जोडले आणि म्हणाले, "गुरुजी, चोरीचं न्हाई ते. स्टेशनाबाहेर फुटपाथवर घेतलं, दीडशे रुपये देऊन. पावती न्हाई भेटत तिथं." ते आमच्यापुढे पावती नसल्याबद्दल क्षमा मागत होते. आम्ही घड्याळ परत दिले, दोन गोड शब्द बोललो आणि विषय संपला असे मानले. पुढे त्या मुलाच्या हातावर ते घड्याळ आम्हांस कधीच दिसले नाही.

आम्ही ज्या परंपरेतून आलो, तिच्या इतिहासात या हसण्याला फार जुने पूर्वज आहेत. १९२८ साली इंदूर संस्थानातील काही गावांत बलाई समाजावर अटी लादल्या गेल्या. जरीकाठी पागोटी बांधू नयेत, रंगीत वा नक्षीच्या काठांची धोतरे नेसू नयेत, स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत, अशा त्या अटी होत्या. बाबासाहेबांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात त्यांची नोंद केली आहे. त्याआधी डिसेंबर १९२७ मध्ये महाडला त्यांनी स्त्रियांना नेसण्याची जुनी, जात ओळखू यावी अशी पद्धत सोडण्यास सांगितले, तेव्हा त्यामागेही हीच जाणीव होती. ज्यांच्या अंगावर काय असावे हे शतकानुशतके दुसऱ्यांनी ठरविले, त्यांनी चांगली वस्तू अंगावर घातली की प्रथम चोरीचा संशय येतो आणि संशय खोटा ठरला की हसू येते. हा इतिहास आम्ही दरवर्षी शिकवतो. तरीही त्या दिवशी आम्ही प्रथम संशय घेतला आणि नंतर हसलो.

तथापि आपल्या अपराधाच्या जाणिवेपोटी बनावट वस्तूची भलामण करणे, ही दुसरी चूक ठरेल. म्हणून आम्ही हा व्यवहार मुळापासून समजून घेण्याचा प्रयत्न केला.

एक गोष्ट प्रथम ध्यानात येते. आजचे दीडशे रुपयांचे घड्याळ वेळ चुकीची दाखवते म्हणून नकली ठरत नाही. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेइको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ बाजारात आणले. आजच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि त्या मोजणीवर काटा सरकतो. काही वर्षांतच हे तंत्र इतके स्वस्त झाले, की साध्या घड्याळाची चूक महिन्याकाठी काही सेकंदांवर आली. लाखो रुपयांचे चावीचे घड्याळ मात्र दिवसाकाठी काही सेकंद मागेपुढे होते. अचूक वेळ अशी सर्वांच्या आवाक्यात आली. स्विस कारखान्यांवर १९७० च्या दशकात मोठे संकट कोसळले, आणि त्यातून जे तरले त्यांनी पुढे वेळेपेक्षा प्रतिष्ठा, कारागिरी आणि नाव विकावयास घेतले. अस्सल महाग घड्याळाच्या किमतीत नावाचा वाटा मोठा असतो, म्हणून बनावट करणाराही नावच चोरतो. यंत्र त्याला कुठेही मिळते.

या धंद्याची स्वतःची परिभाषा आहे. 'डुप्लिकेट' म्हणजे अगदी हलका माल. 'फर्स्ट कॉपी' म्हणजे त्याहून बरा. 'सेवन ए', 'मास्टर कॉपी' म्हणजे वजनाला, चकाकीला मुळाच्या जवळ जाणारा. विकणारा 'आत जपानी मशीन आहे' असे शपथेवर सांगतो, आणि कधी कधी ते खरेही असते. चीनच्या दक्षिण भागातील बाजारांतून सुटे भाग वा तयार माल येतो, मोठ्या शहरांतील घाऊक पेठांतून तो फुटपाथवर आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही पोहोचतो. या साखळीत पक्के बिल नसते, हमी नसते, बिघडल्यास दुरुस्तीचे सुटे भाग नसतात. प्रत्येकजण मागच्याकडे बोट दाखवतो आणि शेवटच्या माणसामागे कुणीच उभे नसते.

कायदा येथे स्पष्ट आहे. व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ नुसार दुसऱ्याचे चिन्ह खोटेपणाने लावणे आणि तसा माल विकणे, हे दोन्ही गुन्हे आहेत. त्यांस सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. आकाराची गोष्ट मात्र वेगळी. डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदलेल्या रचनेस दहा वर्षे आणि वाढवून घेतल्यास आणखी पाच, असे एकूण पंधरा वर्षेच संरक्षण मिळते. दुसऱ्या कप्प्यातील अष्टकोनी घड्याळाचा मूळ आकार जेराल्ड जेन्टा या रचनाकाराने ऑडेमार पिगे या कंपनीसाठी केला आणि ते घड्याळ १९७२ साली बाजारात आले. पन्नास वर्षे उलटल्यावर तो आकार कुणाचा, यावर वाद होऊ शकतो. वस्तूचा आकारही व्यापारचिन्ह म्हणून नोंदता येत असल्याने असे वाद न्यायालयांत जातातही. परंतु जो स्वतःचे नाव स्वतःच्या तबकडीवर छापतो, तो निदान आपण कोण हे लपवीत नाही.

इतिहासाचा विद्यार्थी येथे थोडा हसल्यावाचून राहत नाही. आज बनावट मालाविरुद्ध ज्यांचा आवाज सर्वांत मोठा, त्या स्विस घड्याळांच्याच पूर्वेतिहासात अनुकरण भरपूर आहे. अठराव्या शतकात लंडनच्या घड्याळांचा युरोपात दबदबा होता, तेव्हा जिनिव्हा परिसरात घडविलेल्या कमी प्रतीच्या कित्येक घड्याळांवर लंडनची खोटी नावे कोरली जात. अब्राहम लुई ब्रेगे या पॅरिसमधील थोर कारागिराने या त्रासाला कंटाळून १७९५ च्या सुमारास तबकडीवर सहज न दिसणारी गुप्त सही कोरण्यास आरंभ केला. पुढे १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात अमेरिकी कारखान्यांची यंत्रे पाहून स्विस अभियंता ज्याक दाव्हीद याने आपल्या लोकांना खडसावणारा अहवाल लिहिला आणि स्विस कारखाने अमेरिकी पद्धत शिकले. म्हणजे अनुकरण करीत करीतच हे शिष्य गुरू झाले. केवळ सारखेपणा हा अपराध ठरविला, तर जगात कुणीच काही शिकू शकणार नाही.

आपल्या देशाचे उदाहरण याहून बोलके आहे. बंगळूरच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९६१ साली जपानच्या सिटिझन कंपनीशी रीतसर करार करून घड्याळे काढण्यास सुरुवात केली. पहिली घड्याळे जपानी घड्याळांसारखीच होती. पण ती करारानुसार, मोबदला देऊन आणि विद्या शिकून घेतलेली होती, आणि तबकडीवर आपले स्वतःचे नाव होते. 'जनता' हे सतरा ज्वेलचे चावीचे घड्याळ लक्षावधी साध्या माणसांच्या मनगटावर गेले. सायकल, रेडिओ आणि एचएमटी, ही आमच्या लहानपणी नवरदेवाची तीन स्वप्ने होती. १९८० च्या दशकात टायटनची क्वार्ट्झ घड्याळे आली, सरकारी कारखाना मागे पडत गेला, आणि जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करण्यास मान्यता दिली.

येथे आम्हांला आमच्या वडिलांविषयी सांगितले पाहिजे. ते नाशिकरोडच्या चलार्थ पत्र मुद्रणालयात, म्हणजे लोकांच्या भाषेत 'प्रेस'मध्ये, कामगार होते. १९२८ पासून जेथे नोटा छापल्या जात आहेत, ते हे ठिकाण. सायखेड्याहून भल्या पहाटे निघायचे, भोंगा होण्यापूर्वी फाटकाच्या आत असायचे आणि बाहेर पडताना झडती द्यायची, हे त्यांचे आयुष्य. उशीर झाला तर पगार कापला जाई. त्यासाठी त्यांनी हप्त्याने 'जनता' घेतले. पांढरी तबकडी, काळे काटे. रोज रात्री झोपण्यापूर्वी ते चावी देत आणि चावी देताना कुणाशी बोलत नसत. आम्ही लहानपणी त्यांना विचारले होते, "बाबा, खरी नोट नि खोटी नोट, कागद तर कागदच. मग फरक काय?" ते म्हणाले होते, "खऱ्या नोटेवर कुणीतरी सही करून वचन दिलेलं असतं. खोट्या नोटेच्या वचनाला धनी नसतो." चौथीपर्यंत शिकलेल्या त्या माणसाने दिलेली व्याख्या आम्हांस पुढे कोणत्याही ग्रंथात याहून नेमकी सापडली नाही.

वडील गेले आणि ते घड्याळ आमच्याकडे आले. ऑगस्ट २०१९ मध्ये गंगापूर धरणातून मोठा विसर्ग झाला आणि गोदावरीचे पाणी चांदोरी-सायखेड्यात शिरले. पेठेत, घरांत, दुकानांत गाळ झाला. आमच्या लोखंडी पेटीतही पाणी गेले आणि ते घड्याळ थांबले. पूर ओसरल्यावर आम्ही ते शहरातल्या एका दुरुस्तीवाल्याकडे दिले. पंधरवड्याने ते परत मिळाले, आणि पाहून आम्ही चकित झालो. तबकडी झळझळीत केशरी, तिच्यावर देवनागरीत 'जनता' असे सुबक नाव, केसला नवी चकाकी. "पुराने खराब झालेलं सगळं नवं केलं, सर," असे त्यांनी सांगितले. जुनी तबकडी गेल्याचे थोडे वाईट वाटले, पण टिकटिक तीच आहे, असे आम्ही मनाला समजाविले. दोन वर्षे आम्ही ते अभिमानाने हातावर बांधले. वर्गात मुलांना दाखवून सांगितले, "हे माझ्या वडिलांचे."

एकदा ते मागे पडू लागले म्हणून आम्ही ते गावातल्याच एका वृद्ध कारागिराकडे नेले. त्यांची टपरीवजा जागा, डोळ्याला लावायचे भिंग आणि चिमटा, एवढाच संसार. त्यांनी मागचे झाकण उघडले, बराच वेळ पाहिले आणि हलक्या आवाजात विचारले, "सर, हे तुमच्या वडिलांचंच का?" मग त्यांनी समजावून सांगितले. आतले यंत्र तीन वेगवेगळ्या घड्याळांच्या भागांतून जोडलेले होते. केस घासून घासून कडा गेलेली, तीही बहुधा दुसऱ्याच घड्याळाची. तबकडी पुन्हा रंगवून छापलेली, अक्षरांची जाडी एकसारखी नाही. वडिलांच्या घड्याळाच्या झाकणावर आतल्या बाजूस याच कारागिराने पूर्वी एका दुरुस्तीच्या वेळी टोकदार सुईने तारीख कोरली होती. या झाकणावर ती नव्हती. जुन्या घड्याळांचे शौकीन अशा जोडकामाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे आम्हांस नंतर कळले. कारखाना बंद पडल्यावर जुन्या एचएमटीला भाव आला, आणि कारखान्याने कधी न काढलेल्या रंगांच्या तबकड्या छापून जुनी यंत्रे 'नवी' करण्याचा धंदा वाढला. कारखान्याने देवनागरी नावाची 'जनता' घड्याळे खरोखर काढली होती, म्हणून खोट्या देवनागरी तबकड्यांना विशेष मागणी आहे.

कारागिराचे दुकान सोडून आम्ही गोदाकाठी येऊन बसलो. मनगटावर जे होते ते वडिलांचे नव्हते. आणि आम्ही भर वर्गात ते दाखवून 'वडिलांचे' म्हणालो होतो. त्या मुलाची आठवण तेव्हा आली. त्याच्या घड्याळाचे नाव खोटे होते, पण 'बाबांनी आणलं' हे त्याचे वाक्य शब्दशः खरे होते. आमचे तसे नव्हते.

या दोन घड्याळांनी आम्हांस एक भेद शिकविला. हमालाने दीडशे रुपये दिले तेव्हा त्याला कुणी फसविले नव्हते. आपण काय घेतो हे त्याला ठाऊक होते, आणि ज्या कंपनीचे नाव त्यावर होते तिचे गिऱ्हाईक तो कधीच नव्हता. आम्ही मात्र विश्वासाने वस्तू दिली आणि दुसरीच वस्तू विश्वासाने घेतली. म्हणून दोष मोजताना घेणाऱ्याची ऐपत पाहू नये. कुणी, काय लपवून, किती फायदा केला, ते पाहावे. फुटपाथवरचे घड्याळ हातावर बांधणाऱ्या गरिबाला हसणे सोपे असते. नाव चोरून गोदामे भरणाऱ्याला प्रश्न विचारणे अवघड असते, आणि विचारावयाचा तो तिथेच.

दीघनिकायाच्या पहिल्याच सुत्तात भगवान बुद्ध ज्या गोष्टींपासून अलिप्त होते त्यांची यादी आहे. तीत खोटा तराजू आणि खोटे माप यांच्याबरोबर 'कंसकूट' असा शब्द येतो. अट्ठकथेत त्याचा अर्थ सांगितला आहे तो असा : एक भांडे खऱ्या सोन्याचे आणि बाकीची तांब्याची, सोनेरी मुलामा दिलेली; खरे भांडे कसोटीला दाखवायचे आणि खोटी विकायची. 'फर्स्ट कॉपी' हा शब्द नवा आहे, धंदा नवा नाही. आपली मुले रोज सकाळी पंचशील म्हणतात. नाव चोरणे हे दुसऱ्या शीलाचे उल्लंघन आणि ते नाव सांगून विकणे हे चौथ्याचे, इतके सरळ हे गणित आहे.

मात्र हेच गणित मोठ्यांनाही लावले पाहिजे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या महागड्या कंपनीने पुरुषांच्या पोशाखांच्या प्रदर्शनात ज्या चपला दाखविल्या, त्या कोल्हापुरी चपलेसारख्या होत्या, आणि आरंभी कोल्हापूरचे नाव कुठेच नव्हते. २०१९ साली महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे. ही चप्पल पिढ्यान्‌पिढ्या ज्या हातांनी शिवली ते बहुतांशी चर्मकार समाजाचे हात, ज्यांच्या कलेला कुणी कला म्हटले नाही. महाराष्ट्रातून आवाज उठला तेव्हा कंपनीने प्रेरणेचे मूळ मान्य केले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. गरिबाने श्रीमंताची नक्कल केली की तिला 'बनावट' म्हणतात आणि श्रीमंताने गरिबाची केली की 'प्रेरणा', हा शब्दांचा भेद आपल्या मुलांनी ओळखला पाहिजे. सेरिवाणिज जातकातील लोभी फेरीवाला काळवंडलेल्या सोन्याच्या ताटाला 'कवडीमोल' म्हणतो, ते ताट एका दरिद्री आजीच्या घरातले असते म्हणून. खोट्याला खरे म्हणणे जसे पाप, तसे दुर्बलाच्या घरातील खऱ्याला खोटे ठरविणे हेही पापच.

आता पुन्हा समितीकडे. बैठकीपूर्वी माजी विद्यार्थ्यांचा मेळावा झाला. तो मुलगा आला होता. आयटीआय करून आता तो सातपूरच्या एका कारखान्यात यंत्रचालक आहे. "जय भीम, सर," म्हणून त्याने हात जोडले. आम्ही त्याला बाजूला नेले, तो प्रसंग आठवतो का विचारले आणि क्षमा मागितली. तो थोडा गोंधळला. मग म्हणाला, "सर, ते घड्याळ दोन महिन्यांत बंद पडलं. सेल टाकला, तरी चाललं नाही. वर्ग हसला ते मी विसरलो. पण बाबा फाटकाबाहेर उभे होते ना, ते मी खिडकीतून बघत होतो. ते विसरता येत नाही." आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याचे वडील आता या जगात नाहीत, त्यामुळे ज्यांची क्षमा मागायची ते भेटणार नाहीत. ज्या मुलाकडे ती मागितली त्याने ती दिली की नाही, हे आम्ही त्याला विचारले नाही. तो अधिकार त्याचा आहे.

बैठकीत आम्ही थोडक्यात मत मांडले. पहिला कप्पा नको, कारण ज्या मंचावरून आपण मुलांना शील सांगतो त्याच मंचावरून चोरलेले नाव त्यांच्या हातावर बांधता येणार नाही. दुसरा कप्पा कदाचित बेकायदा नसेल, पण आपल्या मुलांनी दुसऱ्या कुणासारखे दिसावे, एवढीच त्याची गुणवत्ता आहे. तिसऱ्या कप्प्यातील साधे घड्याळ घ्यावे. गोल पांढरी तबकडी आणि ठळक आकडे ही कुणा एकाची मालमत्ता नाही. त्यामागे कंपनीचे नाव आहे, वर्षाची हमी आहे, आणि बिघडले तर परत कुणाकडे जावे हे ठाऊक आहे. तरुण सहकाऱ्यांनी रास्त शंका काढली, की पैसे कमी पडतील. तेव्हा सत्काराच्या शाली आणि श्रीफळे कमी करून ती तूट भरून काढावी, असे ठरले. पाहुणे रागावले तर ते आम्ही आमच्यावर घेऊ.

व्यापाऱ्यांकडून आम्ही एकच जादा गोष्ट मागितली. चोपन्न घड्याळांचे एक बिल न करता, प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाची स्वतंत्र पक्की पावती. ते म्हणाले, "सर, एवढ्या पावत्या कशाला? कुणी मागत नाही." आम्ही कारण सांगितले नाही. महोत्सवाच्या दिवशी प्रत्येक डबीत घड्याळाखाली ती पावती असेल. उद्या आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला कुणी विचारले, "हे कुणाचे?", तर त्याच्या वडिलांना फाटकाबाहेर उभे राहावे लागू नये, एवढीच आमची इच्छा आहे.

वडिलांचे म्हणून जे घड्याळ आम्ही बांधत होतो, ते अजून आमच्याकडेच आहे. गावातल्या त्या कारागिराने ते साफ करून दिले आणि झाकणाच्या आतल्या बाजूस सुईने त्या दिवसाची तारीख कोरली. ते नीट चालते. यंदा इतिहासाच्या तासाला आम्ही ते पुन्हा मुलांना दाखविले, आणि ते कुणाचे नाही, हे आधी सांगितले.